लहान बोटीतून वसई-विरार: खाडी, किल्ले आणि भरतीचं गणित

गाडीमागे ट्रेलर जोडायचा, त्यावर लहान बोट ठेवायची आणि किनाऱ्यावरच्या गावांजवळ ती पाण्यात उतरवायची. परदेशात अशी भटकंती नेहमीची आहे, आपल्याकडे अजून दुर्मीळ. पण वसई-विरारचा नकाशा पाहिला तर हा भाग जणू त्यासाठीच आहे असं वाटतं. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेचं मुख आणि पश्चिमेला अरबी समुद्र. मग इथे लहान बोटीने काय पाहता येतं आणि कोणती काळजी घ्यावी लागते?

ही गावं पाण्याकडे तोंड करून का वसली?

कारण इथला जुना रस्ता पाण्याचाच होता. प्राचीन काळचं शूर्पारक, म्हणजे आजचं नालासोपारा, हे मोठं बंदर होतं. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला स्तूप उजेडात आणला. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर मागे पडलं.

वसईच्या किल्ल्यालाही दोन मुख्य दरवाजे आहेत, एक जमिनीकडचा आणि एक समुद्राकडचा. आपण रस्त्याने जातो, त्यामुळे किल्ल्याची पाण्याकडची बाजू आपल्या नजरेतून निसटते. बोटीतून पाहिलं की पोर्तुगीजांनी हीच जागा का निवडली ते लगेच कळतं. खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत या तटासमोरूनच जायचं.

कुठे काय पाहाल?

*वसईची खाडी:* ही उल्हास नदीच्या मुखाजवळची खाडी आणि राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ चा भाग. नायगाव आणि भाईंदरच्या मध्ये पाणजू बेट आहे. लोकल ट्रेन त्यावरून जाते, पण बेटावरच्या गावाचा रोजचा व्यवहार होडीवर चालत आला आहे. पुढे उत्तर काठावर वसईचा किल्ला, तर दक्षिण काठावर भाईंदरच्या बाजूला धारावी किल्ला. १७३९ च्या वसई मोहिमेत धारावीचा ताबा महत्त्वाचा ठरला, कारण तिथून खाडीच्या तोंडावर नजर ठेवता येत होती.

*अर्नाळा आणि वैतरणेचं मुख:* अर्नाळ्याचा किल्ला किनाऱ्याजवळच्या बेटावर आहे. तो १७३७ मध्ये मराठ्यांकडे आला आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. बेटावर आजही कोळी वस्ती आहे. भारतीय नौदलात जून २०२५ मध्ये दाखल झालेल्या युद्धनौकेला या किल्ल्याचंच नाव दिलं आहे.

या दोन ठिकाणांमध्ये सुमारे १५ किलोमीटरचा उघडा समुद्र आहे. लहान बोटीने तो पार करायची गरज नाही. ट्रेलरचा खरा उपयोग इथेच होतो. खाडी पाहून झाली की बोट गाडीला जोडा, रस्त्याने अर्नाळ्याला जा आणि तिथे पुन्हा पाण्यात उतरवा.

भरतीची वेळ कशी काढतात?

कोकणात एक जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. पंचमीला ५ ची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पहाटे पावणेचारच्या सुमारास भरती. दहाच्या आसपास पूर्ण ओहोटी आणि दुपारी चारनंतर पुन्हा भरती. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. तेव्हा मुंबईच्या तक्त्यात भरती ४.५ मीटरच्या वर जाऊ शकते आणि पाण्याचा ओढ फार जोरात असतो. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांगाची भरती. पाणी कमी चढतं, कमी उतरतं. नवशिक्यांनी हेच दिवस निवडावेत. तिथीचा हिशोब अंदाजासाठी ठीक, पण निघताना छापील किंवा ऑनलाइन तक्ता पाहाच.

नेमका धोका कुठे आहे?

पहिला धोका चिखलाचा. ओहोटीत खाडीचं पाणी झपाट्याने उतरतं. बोट चिखलात रुतली की पुढची भरती येईपर्यंत हलत नाही, आणि उतरून चालायला जावं तर माणूसही रुततो. गाळ आणि रेती उपसा यांमुळे खोलीही बदलत राहते. त्यामुळे गेल्या वर्षीची वाट यंदा असेलच असं नाही.

दुसरा धोका खाडीच्या तोंडाशी. हिवाळ्यात सकाळी समुद्र बहुधा शांत असतो, दुपारी वारा समुद्राकडून जमिनीकडे सुटतो. त्याच वेळी ओहोटीचं पाणी बाहेर पडत असेल तर वारा आणि पाणी समोरासमोर येतात आणि आखूड, उभ्या लाटा उठतात. लहान बोट इथेच उलटते.

तिसरी अडचण जाळ्यांची. कोळ्यांची डोल जाळी पाण्यात बांधलेली असतात. पंख्यात जाळं अडकलं तर तुमचं इंजिन बंद पडतं आणि कुणाचं तरी हजारोंचं नुकसान होतं.

निघण्यापूर्वी

- हंगाम: नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात नकोच. १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते.
- परवानगी: इंजिनाच्या बोटीची नोंदणी, विमा आणि चालवण्याचा परवाना याबद्दल महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात आधी विचारा. फेरीबोटीच्या जेट्टीवर परस्पर बोट उतरवू नका.
- लाइफ जॅकेट: बोटीत ठेवायचं नाही, अंगात घालायचं. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या बोटीला झालेल्या अपघाताने हे पुन्हा दाखवून दिलं.
- निरोप: कुठे जाताय आणि कधी परतणार हे किनाऱ्यावर कुणाला तरी सांगा.
- मदत: तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३.

स्वतःची बोट नसेल तर?

तरीही हा किनारा पाण्यावरून पाहता येतो. वसई-भाईंदर रो-रो सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. रस्त्याने तीसहून अधिक किलोमीटरचा वळसा पडतो, बोटीने काही मिनिटांत पलीकडे जाता येतं. विरारजवळच्या मारंबळपाड्याहून सफाळ्याच्या बाजूच्या खारवाडेश्रीला जाणारी रो-रो एप्रिल २०२५ पासून आहे. अर्नाळ्याच्या बेटावर स्थानिक बोटी जातात. अनेकदा गुडघाभर पाण्यातून चढावं-उतरावं लागतं.

आणि बोट स्वतःची असो वा नसो, पाण्यात उतरण्याआधी किनाऱ्यावरच्या एखाद्या तांडेलाला विचारा, "काका, आज जाऊ का?" तो नको म्हणाला तर त्या दिवशी किल्ला रस्त्याने पाहा.