कमी खर्चात चार दिवस कोकण : कोपरीहून रत्नागिरी-गणपतीपुळ्याचा बेत असा आखा

कोपरी (ठाणे पूर्व) : परीक्षा संपल्या की घराघरात एकच विषय निघतो, यंदा पोरांना कुठं न्यायचं? खासगी गाडी ठरवायची म्हटलं तर भाड्यातच मोठी रक्कम जाते आणि बेत बारगळतो. पण रेल्वे आणि एसटी नीट जुळवली तर पाच माणसांचं घर चार दिवसांत रत्नागिरी-गणपतीपुळे आरामात करून येतं. त्यासाठी आधी बघायचं ते एवढंच, की घरातून कोण कोण येणार. सवलती माणसागणिक बदलतात, आणि रेल्वेच्या वेगळ्या, एसटीच्या वेगळ्या.

समजा नवरा-बायको, दहा वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि ७६ वर्षांची आजी निघाली. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात मोफत प्रवास, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं, पाचच्या आतल्यांना काही नाही. म्हणजे पाच जणांची मिळून दोनच तिकिटं झाली. आजीचं आधार कार्ड मात्र हाताशी ठेवा, कंडक्टर वयाचा पुरावा मागतो.

रेल्वेत ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे आणि बायकांना तिकिटात सूट नाही. तिथं याच घराची साडेतीन तिकिटं होतात. तरीही लांबच्या पल्ल्याला रेल्वेचं जनरलच स्वस्त. २५ जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर एसटीच्या साध्या बसचा सहा किलोमीटरचा टप्पा १० रुपये ५ पैशांना पडतो. ठाणे-रत्नागिरी सव्वातीनशे किलोमीटर धरलं तर एक पूर्ण तिकीट साडेपाचशेच्या घरात, घराचे मिळून अकराशे. जनरलच्या साडेतीन तिकिटांना याहून बरेच कमी लागतात.

तेव्हा जाताना रेल्वे, तिथं फिरायला एसटी, हा हिशेब बसतो.

दिव्याहून गाडी

कोपरीकरांना दिवा म्हणजे ठाण्याहून स्लो लोकलने तिसरं स्टेशन : कळवा, मुंब्रा, दिवा. दिवा-सावंतवाडी गाडी तिथून सकाळी लवकर सुटते आणि दुपारी रत्नागिरीला पोचवते. मुरबाड, शहापूरच्या आतल्या गावांतून त्या वेळेला दिवा गाठणं कठीण, म्हणून आदल्या रात्री कोपरी-कळव्याकडच्या पाहुण्यांकडे मुक्काम केलेला बरा. दोनशे किलोमीटरच्या पुढचं जनरल तिकीट तीन दिवस आधीही खिडकीवर मिळतं, पहाटे रांगेत उभं राहायची गरज नाही. ॲपवरून काढणार असाल तर स्टेशनात शिरण्याआधीच काढा.

मे महिन्यात या गाडीला तुफान गर्दी असते, हे लपवण्यात अर्थ नाही. आजी किंवा लहान मूल सोबत असेल तर कोकणकन्या नाहीतर तुतारीचं स्लीपर बघावं. दोन्ही गाड्या ठाण्याला थांबतात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि सुट्टीच्या दिवसांत पटापट भरतं, त्यामुळे मेचा बेत मार्चमध्येच ठरला पाहिजे. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तेही तपासा.

एकच मुक्काम धरा

पैसा गळतो तो तिकिटात कमी, रिक्षात जास्त. रत्नागिरी स्टेशन शहराबाहेर कुवारबावकडे आहे. तिथून शहर, शहरातून गणपतीपुळे, पुन्हा पावस, अशी रोज सामान घेऊन धावपळ केली की बजेट कोलमडतं. त्यापेक्षा दोन रात्री गणपतीपुळे किंवा शेजारच्या मालगुंडला आणि परतीच्या आधीची एक रात्र रत्नागिरीत, एवढंच ठेवा. आरे-वारेच्या किनाऱ्याने रत्नागिरी-गणपतीपुळे साधारण २५ किलोमीटर, म्हणजे एसटीचे पाच टप्पे, पन्नासच्या आसपास. बायकांना त्याच्या निम्मे. त्या रस्त्याने खिडकीची जागा मिळाली तर सोडू नका.

राहायला देवस्थानचं भक्त निवास आहे, गावात घरगुती खोल्याही मिळतात. खोलीचा भाव विचारताना जेवण धरून की वेगळं, हे आधीच स्पष्ट करा. दुपारी देवळात खिचडीचा प्रसाद मिळतो, एका वेळचं जेवण तिथंच होऊन जातं. शनिवार-रविवार, संकष्टी आणि विशेषतः अंगारकी टाळा. तेव्हा गर्दीही आणि भावही चढे. सोमवार ते गुरुवार उत्तम.

इथं फोनवाल्यांनी सावध राहावं. भक्त निवासांच्या नावाने बनावट वेबसाइट काढून भाविकांना फसवल्याचे प्रकार राज्यात घडलेत. सर्चमध्ये पहिल्या दिसलेल्या नंबरवर पूर्ण रक्कम पाठवू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

मालगुंडला कवी केशवसुतांचं जन्मघर आणि स्मारक आहे. रत्नागिरीत लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान, १९३१ चं पतितपावन मंदिर, रत्नदुर्गावरची भगवती आणि ब्रह्मदेशाच्या थिबा राजासाठी १९१० साली बांधलेला राजवाडा, एवढं एका दिवसात बसतं. राजवाड्यातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं. गणपतीपुळ्याचा समुद्र मात्र फसवा आहे. बाहेरून शांत दिसतो, पण आत ओढ असते आणि पोहायला उतरलेली माणसं तिथं बुडाली आहेत. पोरांना पाय भिजवण्यापलीकडे जाऊ देऊ नका.

एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो. रोज नवं गाव करणाऱ्या एकट्या-दुकट्याला तो परवडतो. महिला आणि आजी असलेल्या घराने मात्र आधी सुट्या तिकिटांची बेरीज करून बघावी, बहुतेक वेळा पासाची गरजच पडत नाही.

परतीला सावंतवाडी-दिवा गाडी दुपारी रत्नागिरीला येते आणि दिव्याला रात्र होते. गाडी लेट झाली तर कल्याणहून मुरबाडकडे जाणारी शेवटची एसटी चुकू शकते. त्या बाजूच्यांनी शेवटच्या बसची वेळ निघण्याआधीच डेपोत विचारून ठेवावी.