पिशवीतले बिडीचे कट्टे

दारू सोडवायला मला धाड या आमच्या गावाहून नेलं, तेव्हा भावाने पिशवीत दोन जोड कपडे आणि बिडीचे पाच कट्टे टाकले होते. त्याआधी दारू सुटावी म्हणून होळीला सैलानीच्या दर्ग्यावर नारळ पेटवून झाला होता. व्यसनमुक्ती केंद्राच्या दारात झडती झाली. खिशातल्या झोपेच्या गोळ्या काढून घेतल्या, कट्टे मात्र परत हातात दिले. मायही निघताना म्हणाली होती, "येकदम समदं सोडलं तं पोरगं येडं होईन."

ही समजूत एकट्या मायची नव्हती. अमेरिकेत 1935 साली अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांची संघटना सुरू करणाऱ्या दोघांपैकी बिल विल्सन दारूपासून 36 वर्षं लांब राहिले. सिगारेटी मात्र भरपूर ओढल्या. 1971 साली गेले ते फुफ्फुसांच्या आजाराने.

आपल्याकडे पुण्यात 29 ऑगस्ट 1986 रोजी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांच्या पाठीशी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पैशाने उभे राहिले. तो काळ गर्दचा, म्हणजे ब्राउन शुगरचा. पोरं डोळ्यांदेखत संपत असताना बिडी कुणाला मोठी वाटणार होती? त्या काळाला मी दोष देत नाही.

1996 साली मात्र मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी हिशेब मांडला. दारू-ड्रग्जवर उपचार घेतलेल्या 845 जणांपैकी 222 जण पुढे वारले होते. त्यातले निम्म्याहून थोडे जास्त तंबाखूने गेले, दारूने गेले सुमारे एक तृतीयांश. 2004 साली अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा मायच्या समजुतीच्या उलटंच दिसलं: व्यसनावरच्या उपचारांबरोबरच धूम्रपान सोडायला मदत केली, तर दारू-ड्रग्जपासून दूर राहणारे 25 टक्क्यांनी वाढतात.

आकडे मला फार उशिरा कळले; स्टँडवर आधीच कळलं होतं. केंद्रातून बाहेर आल्यावर बुलढाण्याहून औरंगाबादकडे जाणारी एसटी धाडला थांबली की मी उतरून टपरीवर चहा घ्यायचो, चहाबरोबर बिडी, आणि बिडी पेटली की शेजारी जुने दोस्त. आठव्या महिन्यात पुन्हा प्यालो.

दुसऱ्या खेपेला समुपदेशकाने पहिल्याच दिवशी विचारलं, "बिडी किती?" असं कुणी विचारलंच नव्हतं. निकोटिनचं च्युइंगम दिलं, तलफ आली की दहा मिनिटं काढायला शिकवलं. पंधरा दिवस हात सारखा खिशाकडे जायचा. येडा झालो नाही.

तुमच्या घरचं कुणी केंद्रात जात असेल, तर पिशवी भरताना कट्टे बाहेर ठेवा. तंबाखू सोडवण्याची सरकारी हेल्पलाइन 1800-11-2356 आहे, फुकट आहे.