‘ट्यूबलाईट’ : एका दिव्याची निवृत्ती आणि एका लक्षणेचे भवितव्य

गेल्या उन्हाळी सुटीत आमच्या विभागाच्या कचेरीतील व वर्गांतील जुने नळीचे दिवे उतरवून त्यांच्या जागी एलईडी दिवे बसविण्यात आले. सुटीनंतर पदव्युत्तर वर्गात लक्षणेचे विवेचन चालू असता एका विद्यार्थिनीने विचारले, की उशिरा समजणाऱ्या माणसाला ‘ट्यूबलाईट’ का म्हणावयाचे? ट्यूब तर बटण दाबताच लागते! प्रश्न वरवर साधा, परंतु त्याचे उत्तर शब्दकोशात सापडणारे नव्हे. त्यासाठी त्या दिव्याचाच इतिहास पाहावा लागतो.

पाऱ्याच्या वाफेतून वीज खेळवून प्रकाश मिळविण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालू होते. पीटर कूपर ह्यूइट याचा पारददीप १९०१ सालचा. त्याचा प्रकाश निळसर-हिरवा असल्याने माणसांचे चेहरे विद्रूप दिसत. १९२६ साली जर्मनीत एडमंड गेर्मर व त्याच्या सहकाऱ्यांनी नळीच्या आतील बाजूस प्रस्फुरक चूर्णाचा लेप देण्याची कल्पना मांडली. पाऱ्याच्या वाफेतून निघणारे अदृश्य अतिनील किरण या लेपावर पडले, की तो दृश्य प्रकाश देऊ लागतो. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत जॉर्ज इनमन याच्या नेतृत्वाखाली ही कल्पना व्यवहार्य झाली आणि १९३८ साली नळीचा दिवा बाजारात आला. तापलेल्या तारेच्या बल्बपेक्षा तितक्याच विजेत तो कितीतरी अधिक प्रकाश देई. त्यामुळे कारखाने, कचेऱ्या, शाळा आणि कालांतराने घरे यांची छते त्याने व्यापली.

मात्र हा दिवा बल्बाप्रमाणे तत्काळ पेटत नसे. नळीतील वायूतून वीज प्रथम वाहू लागण्यास अधिक दाबाचा धक्का लागतो, आणि एकदा वाहू लागल्यावर तिला आवर घालावा लागतो. ही दोन कामे ‘चोक’ आणि ‘स्टार्टर’ मिळून करीत. बटण दाबताच स्टार्टरमधील द्विधातूची पट्टी तापून वाकते व मंडल पूर्ण होते. नळीच्या दोन्ही टोकांच्या तारा तापतात. पट्टी थंड होऊन पुन्हा सुटते आणि त्या क्षणी चोकमधून दाबाचा उसळता धक्का नळीला मिळतो. तो पुरेसा नसेल तर हाच क्रम पुन्हा घडतो. ‘ट्यूब लुकलुकते’ असे आपण म्हणत होतो, ते याच फसलेल्या प्रयत्नांना उद्देशून. नळी जुनी झालेली असली किंवा विजेचा दाब कमी असला, की हा विलंब अधिकच जाणवे.

आता शब्दाकडे वळू. ‘डोक्यात प्रकाश पडणे’ हा वाक्प्रचार मराठीत आधीपासूनच होता. ज्ञानाला प्रकाश मानणारे रूपक तर त्याहूनही कितीतरी पुरातन. मग ‘ट्यूब पेटली’ या प्रयोगाने नवीन ते काय दिले? माझ्या मते त्याने कालाचे परिमाण दिले. प्रकाश पडला एवढेच हा प्रयोग सांगत नाही. तो पडण्यापूर्वी काही काळ लुकलुक चालली होती हेही सांगतो. ‘तो अगदी ट्यूबलाईट आहे’ या वाक्यातील विनोद आणि किंचित माया, दोन्ही येथूनच येतात. ज्याच्या डोक्यात प्रकाश पडतच नाही त्याला ट्यूबलाईट म्हणत नाहीत. ज्याच्या डोक्यात तो उशिरा का होईना, पण पडतो, त्यालाच म्हणतात. हा प्रयोग हिंदीतही रूढ असून २०१७ साली तेच नाव धारण करणारा एक चित्रपटही निघाला.

परंतु या लक्षणेचा आधार त्यापूर्वीच ढासळू लागला होता. इलेक्ट्रॉनिक चोक आल्यावर स्टार्टरची गरज उरली नाही व लुकलुक थांबली. पुढे एलईडीने नळीलाच निवृत्त केले. १९६२ साली निक होलोन्याक याने लाल प्रकाश देणारा डायोड जनरल इलेक्ट्रिकमध्येच तयार केला होता. पांढऱ्या प्रकाशासाठी मात्र तेजस्वी निळ्या डायोडची वाट पाहावी लागली. तो नाकामुरा यांनी १९९३ साली सिद्ध केला आणि २०१४ साली आकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांना या क्षेत्रातील कार्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या चोकसह ४० वॅटची नळी ५० वॅटच्या आसपास वीज घेई. तिच्या जागी बसणारी एलईडी पट्टी सुमारे २० वॅटमध्ये काम भागविते. शिवाय नळीत पारा असतो. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता कराराच्या सदस्य राष्ट्रांनी सामान्य प्रकाशयोजनेसाठीच्या अशा नळ्यांचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे २०२३ साली ठरविले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पांढऱ्या एलईडीतही निळ्या प्रकाशाचा काही भाग प्रस्फुरक लेपच पिवळ्यात पालटतो आणि दोहोंच्या मिश्रणाने पांढरा प्रकाश दिसतो. म्हणजे जुन्या दिव्यातील लेपाचे तत्त्व टिकले. गेला तो पारा, आणि गेला तो विलंब. लोक नव्या दिव्यालाही ‘एलईडी ट्यूब’ म्हणतात, कारण लांबी आणि आकार तेच राहिले. वस्तूचे नाव आकाराला चिकटून राहिले. लक्षणा मात्र विलंबाला चिकटली होती, आणि विलंबच उरला नाही.

मम्मटाने रूढिमूलक लक्षणेचे उदाहरण म्हणून ‘कुशल’ हा शब्द दिला आहे. कुश नावाचे गवत जपून आणणारा, हा त्याचा मूळ अर्थ. पुढे गवताचा संबंध विस्मृत होऊन केवळ ‘निपुण’ हा अर्थ राहिला. ‘ट्यूबलाईट’ हा शब्द आज त्याच वाटेवर आहे. फरक इतकाच, की हे स्थित्यंतर आपल्या डोळ्यांदेखत घडत आहे आणि लुकलुकती नळी पाहिलेली पिढी अद्याप साक्ष देण्यास हयात आहे.

म्हणून कोशकारांना एवढीच विनंती, की या शब्दापुढे ‘मंदबुद्धी मनुष्य’ एवढाच अर्थ देऊन थांबू नये. स्टार्टरचा उल्लेख अवश्य करावा. अन्यथा आणखी काही वर्षांनी आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न पुन्हा विचारला जाईल, आणि त्या वेळी उत्तर देणारा कोणी नसेल.