तलब, मसाला आणि समन्स

श्रोतेहो, आपल्या मालेगाव-वाशीमकडच्या एखाद्या गावात कोर्टाचा बेलीफ शिरला, की पारावर कुजबूज सुरू होते : ‘अमक्याला समन्स आले!’ जणू काही शिक्षाच झाली. तेव्हा हा शब्द आहे तरी काय, ते आज पाहू.

‘समन्स’ आपल्याकडे इंग्रजीतून आला. त्याचे मूळ मात्र लॅटिन. तिथे त्या धातूचा अर्थ हळूच सुचविणे, आठवण देणे असा आहे. दोषाचा त्यात वासही नाही. इंग्रजांच्या आधी आपल्याकडे ‘तलब’ हा शब्द चाले. हा मूळचा अरबी, फारसीतून आलेला. तलब म्हणजे मागणी. तंबाखूची तलब येते ना, तीच ही! वऱ्हाडात १८०३ पर्यंत निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल होता. त्यामुळे असे शब्द दप्तरातून बोलण्यात सहज उतरले.

मराठेशाहीत फिर्याद झाली, की प्रतिवादीला बोलवायला सरकारी प्यादा जाई. त्याचा खर्च बोलावलेल्या माणसावरच बसे. या रकमेला म्हणत ‘मसाला’. म्हणजे दोष ठरण्याआधीच गाठीचे पैसे गेले! लोकांना कचेरीच्या बोलावण्याची धास्ती वाटे, ती उगीच नव्हे.

१८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि पुढे नवे कायदे आले. आता दिवाणी दाव्यात समन्सची फी भरतो वादी. प्रतिवादीला कागद फुकट मिळतो, सोबत दाव्याची नक्कलही. समन्स म्हणजे पकडवॉरंट नव्हे. ‘तुमच्याविरुद्ध कुणी काही मागतो आहे, तुमची बाजू सांगा,’ एवढेच ते म्हणते. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निवाडा नाही, या न्यायतत्त्वाचा तो कागद आहे.

पण काही जण बेलीफ दिसला की मागच्या दाराने शेतात जातात. त्याने काय साधते? घेण्यास नकार दिला तर समन्स दारावर डकवता येते. बजावणी झाली असे कोर्टाने मानले, की दावा एकतर्फी चालू शकतो. कैफियत साधारणपणे बजावणीपासून ३० दिवसांत द्यावी लागते. लपण्यात ते दिवस गेले, तर जमीन हातची जायची वेळ येते.

आणखी एक बदल ध्यानात घ्या. माणूस घरी नसला, तर पूर्वी समन्स घरातल्या सज्ञान पुरुषाकडेच देत. दिवाणी कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने ‘स्त्री असो वा पुरुष’ असे शब्द आले. फौजदारीतली पुरुषाची अट १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने काढली. म्हणजे आता सासूच्या किंवा सुनेच्या हाती दिलेला कागदही कायद्याने पोचला. तो तिने पेटीत ठेवला आणि सांगायचे राहिले, तर नुकसान साऱ्या घराचे.

म्हणून शिक्षक मंडळींना विनंती : वरच्या वर्गातल्या मुलामुलींना समन्स वाचायला शिकवा. कोर्ट कोणते, दाव्याचा नंबर काय, तारीख कोणती, या तीन गोष्टी ज्या घरात त्याच दिवशी वाचल्या जातील, त्या घराची बाजू निदान ऐकली तरी जाईल.