पाणंद : नकाशावरची आणि पायाखालची

ग्रामीण कथेतली पाणंद आपण वर्गात 'वातावरणनिर्मिती' म्हणून शिकवतो आणि पुढे जातो. विदर्भात तिला पांदण म्हणतात, एवढी तळटीपही पुष्कळदा राहून जाते. परंतु पाणंद ही महसुली वस्तूही आहे. तिला रुंदी आहे आणि मालकही आहे.

1830 च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जी मोजणीपद्धती घडवली, ती पुढे मुंबई इलाख्यात पसरली. तिचे माप 33 फुटी साखळी. साखळीचे आणे 16. साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा. गाव नकाशावर गाडीमार्ग तुटक दुबार रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवतात. पायमार्ग 8.25 फूट, गाडीमार्ग किमान 16.5 फूट, हे आकडे आज चमत्कारिक वाटतात. साखळीत वाचले, की ते चार आणे आणि आठ आणे होतात.

पुढे डांबरी सडक आली, बैलगाडी गेली. वापर आटला तशी पाणंदीत बाभूळ माजली आणि दोन्हीकडचे बांध दरसाल एकेका तासाने आत सरकले. मग तिचे काय झाले? लोकसमजूत अशी, की वहिवाट मोडली म्हणजे हक्क संपला. ही समजूत अर्धी खरी आहे. शेजाऱ्याच्या शेतातून जाण्याचा खाजगी सुविधाधिकार 1882 च्या कायद्यानुसार सलग 20 वर्षांच्या अनुपभोगाने लोपतो. सार्वजनिक वाटेचे तसे नाही. 1879 च्या मुंबई जमीन महसूल संहितेने आणि नंतर 1966 च्या महाराष्ट्र संहितेच्या कलम 20 ने, इतर कोणाच्या मालकीचे नसलेले सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा शासनाच्या मानल्या. त्यांवरील लोकांचा हक्क संपवायचा तर कलम 21 प्रमाणे तसे जाहीर करून, हरकती मागवून, आदेशच काढावा लागतो. बाभळीला तो अधिकार नाही.

कागदावर हे भक्कम आहे. अडचण दाद मागताना येते. 1906 च्या मामलतदार न्यायालय कायद्याचे कलम 5 अडथळा दूर करण्याचा सोपा मार्ग देते, पण दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांत हवा. आडवी काठी टाकून वाट अडवली, तर तारीख सांगता येते. नांगराने तीस वर्षांत गिळलेल्या वाटेची तारीख कोणती सांगावी? माझ्या मते या कायद्याच्या कर्त्यांसमोर भांडखोर शेजारी होता. सावकाश नांगरणारा नव्हता.

2021 मध्ये मातोश्रींच्या नावाने शेत व पाणंद रस्त्यांची योजना आली. 2025 मध्ये शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या सदरात करण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. (वाङ्मयाच्या अभ्यासकाला हे सदर मोह घालणारे आहे; त्यात कर्जाचे बोजे असतात, कुळे असतात, विहिरीतले हिस्से असतात.) नोंद उपयुक्त आहे, यात शंका नाही. पण सातबारा शेताचा असतो, आणि पाणंद ज्यांना शेत नाही त्यांचीही होती: मेंढरे घेऊन जाणाऱ्या धनगराची, सरपणाला निघालेल्या बाईची, गावकुसाबाहेरून मसणवट्याकडे जाणाऱ्या तिरडीची. यांच्या हक्काचा पुरावा आजही त्या दोन तुटक रेषांतच शोधावा लागतो, आणि त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढावी लागते.