‘पाहिजे’चा पेच : आल्बर्ट एलिस यांचे कार्य आणि मराठी वाक्य

विसाव्या शतकातील मानसोपचाराच्या इतिहासात आल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांच्याइतका वादग्रस्त पुरुष विरळाच. भरसभेत शिवराळ बोलणारे, स्वतःस उघडपणे निरीश्वरवादी म्हणविणारे आणि कामविषयक रूढ नीतिकल्पनांवर तुटून पडणारे हे गृहस्थ स्वव्यवसायातील अनेकांना असह्य होत. तथापि १९८२ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी सर्वांत प्रभावी मानसोपचारतज्ज्ञांची जी क्रमवारी लावली तीत कार्ल रॉजर्स यांच्या खालोखाल एलिस यांचे नाव आले. फ्रॉइडचा क्रम त्यांच्याही मागे लागला.

एलिस यांचा जन्म पिट्सबर्गचा, परंतु आयुष्य गेले न्यूयॉर्कमध्ये. बाळपण मूत्रपिंडाच्या विकारामुळे पुष्कळसे रुग्णालयात गेले. बाराव्या वर्षी आईवडिलांचा घटस्फोट झाला. एकोणिसाव्या वर्षी, स्त्रियांशी बोलण्याची भीती घालविण्यासाठी, त्यांनी ब्राँक्समधील वनस्पतिउद्यानात बसून महिनाभर शंभरावर अनोळखी स्त्रियांशी संभाषणाचा प्रयत्न केला. भेटीचे वचन एकीनेच दिले आणि तीही आली नाही! भीती मात्र गेली. १९४७ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविल्यावर त्यांनी मनोविश्लेषणाचे शिक्षण घेतले, काही वर्षे तो व्यवसायही केला. परंतु रुग्णाच्या भूतकाळाचे उत्खनन वर्षानुवर्षे चालूनही त्याचे आजचे दुःख हलत नाही, हे पाहून ते त्या मार्गापासून दूर झाले. १९५५ मध्ये त्यांनी आपली स्वतंत्र पद्धती मांडली. मराठीत ती ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ या नावाने परिचित आहे.

या पद्धतीचे बीज एपिक्टेटसच्या स्टोइक विचारात आहे : मनुष्य घटनेने नव्हे, तर घटनेविषयीच्या स्वतःच्या धारणेने व्याकूळ होतो. एलिस यांनी यात भर घातली ती भाषेची. ‘मला अमुक हवेसे वाटते’ ही इच्छा, ‘अमुक झालेच पाहिजे’ ही सक्ती. पहिली विफल झाली तर खेद होतो, दुसरी विफल झाली तर मनुष्य कोसळतो. खेद योग्य, कोसळणे अनावश्यक. आणि या दोहोंमधील अंतर बव्हंशी वाक्यातच साठविलेले असते, असा त्यांचा दावा. कॅरेन हॉर्नी आणि सामान्य अर्थविज्ञानाचे प्रवर्तक आल्फ्रेड कोर्झिब्स्की यांचे ऋण येथे स्पष्ट दिसते.

महाराष्ट्रात हा विचार रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने किशोर फडके यांचे. त्यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार केला, आणि अविवेकी धारणेचे खंडन हे ती शोधणे, विवेकी धारणेपासून वेगळी करणे व तिच्याशी वाद घालणे अशा तीन पायऱ्यांनी होते, ही त्यांची मांडणी एलिस यांनी स्वीकारली. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या ग्रंथामुळे त्यांचे चरित्रही मराठी वाचकास उपलब्ध झाले.

परंतु भाषाभ्यासकाची अडचण पुढेच आहे. इंग्रजीत इच्छा आणि सक्ती यांना निरनिराळी क्रियापदे आहेत. मराठीत? ‘मला पाणी पाहिजे’ ही इच्छा. ‘त्याने मला मान दिला पाहिजे’ ही सक्ती. ‘तो आता पोचला असला पाहिजे’ हे अनुमान. तिन्हींचा भार एकच शब्द वाहतो. व्युत्पत्तीने हे रूप ‘पाहणे’ या धातूचे जुने कर्मणी रूप होय. ‘कीजे’, ‘बोलिजे’ यांच्याच कुळातले. जे पाहिले जाते, ज्याची वाट पाहिली जाते, ते ‘पाहिजे’. म्हणजे अपेक्षेचा शब्द कालांतराने आज्ञेचा झाला आणि अपेक्षाही त्यातून गेली नाही. ‘हवे’ची स्थितीही फारशी निराळी नाही. अशा भाषेत रुग्णास ‘पाहिजे म्हणू नका’ असे सांगणारा उपचारक त्याला इच्छाच सोडावयास सांगत आहे, असा समज होण्याचा संभव मोठा. आणि संन्यासाची शिकवण काही एलिस यांची नव्हे.

माझ्या मते मराठीत सक्तीचे खरे बिऱ्हाड ‘पाहिजे’त नसून ‘च’ या अव्ययात आहे. ‘मुलगा पास झाला पाहिजे’ आणि ‘मुलगा पास झालाच पाहिजे’ यांतील अंतर कोणासही कळते. आमच्या वऱ्हाडीत ‘मले जा लागते’ या रचनेत बाहेरून आलेली निकड असते, ‘मले पायजे’ मध्ये आतली. समुपदेशकाने हा भेद वापरण्याजोगा आहे.

एलिस यांनी १९७५ मध्ये आपल्या लोकप्रिय ग्रंथाची नवी आवृत्ती ‘असणे’ हे क्रियापद पूर्णपणे टाळून लिहिली. हेतू हा की, ‘मी नालायक आहे’ असे माणसाने म्हणूच नये. मराठीत हा उपाय चालणार नाही. ‘तो मूर्ख’ एवढे म्हटले तरी शिक्का पुरा बसतो. ‘आहे’ गाळून काही साधत नाही.

धर्माचा वाद अधिक खोल. १९८० च्या एका लेखात एलिस यांनी कडवी धार्मिकता ही भावनिक विकृतीच्या जवळची ठरविली. पुढे ते पुष्कळ मवाळ झाले आणि २००१ मध्ये धार्मिक व्यक्तींच्या उपचारावरील ग्रंथाचे सहलेखकही झाले. समलिंगी आकर्षणाविषयीची १९६५ मधील त्यांची चुकीची मतेही त्यांनी नंतर बदलली. ज्या १९५५ साली न्यूयॉर्कमध्ये ही पद्धती निघाली, त्याच साली तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ प्रसिद्ध झाली. गुरुकुंज मोझरीच्या सामुदायिक प्रार्थनेत बसणाऱ्या माणसास एलिस यांचा निरीश्वरवाद देऊन काय साधणार? त्याला द्यावयाचे ते एवढेच, की पीक बुडाले हे संकट खरे, कर्ज खरे, चिंता रास्त. ‘आता जगून उपयोग नाही’ हे मात्र अनुमान आहे, आणि ते तपासता येते. संकटच नाकारणारा उपचारक येथे निरुपयोगी ठरेल. एलिस यांनी ते कधी नाकारले नव्हते, हे त्यांचे टीकाकार अनेकदा विसरतात.

वार्धक्यात त्यांना स्वतःच्याच संस्थेशी झगडावे लागले. २००५ मध्ये संचालक मंडळाने त्यांना मंडळावरून दूर केले. जानेवारी २००६ मध्ये न्यायालयाने ती कृती अवैध ठरविली. २४ जुलै २००७ रोजी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.