सागरी न्यायाची वाट : हॅम्बर्गच्या न्यायाधिकरणाची वाटचाल

१ नोव्हेंबर १९६७ रोजी माल्टा या चिमुकल्या बेटराष्ट्राचे राजदूत आर्विद पार्दो संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत बोलायला उभे राहिले. राष्ट्रांच्या हद्दीपलीकडचा सागरतळ ही साऱ्या मानवजातीची ठेव मानावी, बलाढ्य देशांनी तो आपसांत वाटून घेऊ नये, अशी त्यांची मागणी होती. हॅम्बर्ग येथील सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाचे बीज त्या भाषणात आहे.

त्यातून १९७३ साली सागरी कायद्याची परिषद भरली आणि ती नऊ वर्षे चालली. अध्यक्ष, श्रीलंकेचे शर्ली अमरसिंघे, १९८० साली निवर्तले. सिंगापूरचे टॉमी कोह यांनी काम तडीस नेले. १० डिसेंबर १९८२ रोजी जमैकातील माँटेगो बे येथे सागरी कायद्याच्या करारावर एकाच दिवशी ११९ सह्या झाल्या. १२ सागरी मैलांचा प्रादेशिक समुद्र आणि २०० मैलांपर्यंतचे अनन्य आर्थिक क्षेत्र हे नियम जगाला मिळाले. मात्र सागरतळाच्या खाणकामाच्या तरतुदी अमान्य असल्याने अमेरिका बाहेर राहिली. गयानाने साठावी मान्यता दिल्यावर, १६ नोव्हेंबर १९९४ रोजी, करार अमलात आला.

या करारातूनच न्यायाधिकरण उभे राहिले आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये त्याच्या २१ न्यायाधीशांनी शपथ घेतली. घानाचे थॉमस मेन्सा पहिले अध्यक्ष झाले, भारताचे पी. चंद्रशेखर राव पहिल्या फळीतच होते. कामकाज तात्पुरत्या जागेत सुरू झाले आणि वर्षभर एकही खटला आला नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये पहिला आला. मासेमारी नौकांना भर समुद्रात डिझेल पुरवणारे ‘सायगा’ हे तेलवाहू जहाज गिनीने पकडून ठेवले होते. त्यावर ध्वज होता सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनडीन्स या छोट्या देशाचा. अर्ज १३ नोव्हेंबरला दाखल झाला आणि ४ डिसेंबरला निकाल लागला : हमी घेऊन जहाज व खलाशी सोडावेत. तीन आठवड्यांत न्याय देता येतो, हे सिद्ध झाले.

राव यांच्या अध्यक्षपदाच्या काळात, जुलै २००० मध्ये, एल्बे नदीकाठच्या निएनश्टेटन भागातील न्यायाधिकरणाच्या स्वतःच्या वास्तूचे उद्घाटन कोफी अन्नान यांच्या हस्ते झाले.

सागरी सीमा आखण्याचा पहिला मान न्यायाधिकरणाला २०१२ साली लाभला. बंगालच्या उपसागरातील वायूसाठ्यांवरून २००८ मध्ये बांगलादेश आणि म्यानमारची आरमारे समोरासमोर आली होती. १९७४ पासूनच्या वाटाघाटींतून तोडगा निघाला नव्हता. १४ मार्च २०१२ च्या निकालाने सीमा ठरली. म्यानमारच्या किनाऱ्यासमोरील सेंट मार्टिन बेटाभोवती बांगलादेशला १२ मैलांचा समुद्र मिळाला. त्यापुढची रेषा आखताना मात्र बेटाचा विचार झाला नाही. दोन्ही देशांनी निकाल मानला.

वाट सोपी नव्हती. लष्करी बाबी आणि सागरी सीमांचे वाद सक्तीच्या न्यायनिवाड्यातून वगळण्याची मुभा करारातच आहे. चीनने २००६ साली ती घेतली. निकाल बजावायला न्यायाधिकरणाजवळ शिपाई नाहीत. २०१३ साली रशियाने पकडलेल्या ‘आर्क्टिक सनराइज’ या जहाजाच्या प्रकरणी रशिया सुनावणीलाच आला नाही. फिलिपिन्सबरोबरच्या दक्षिण चीन समुद्राच्या वादात चीनने लवाद नाकारला, तेव्हा रिकाम्या जागांवरील नेमणुका न्यायाधिकरणाचे अध्यक्ष शुंजी यानाई यांनी केल्या. मेन्सा यांच्या अध्यक्षतेखालील त्या लवादाने १२ जुलै २०१६ रोजी चीनच्या नकाशावरील ‘नऊ रेषां’आडच्या ऐतिहासिक हक्कांना कायदेशीर आधार नसल्याचा निर्वाळा दिला. चीनने तो मानला नाही. पण फिलिपिन्सच्या बाजूने कायदा नोंदला गेला, तो कायमचा.

२०१९ साली रशियाने पकडलेली युक्रेनची तीन जहाजे आणि २४ नौसैनिक सोडण्याचा आदेश निघाला. रशियाने तेव्हाही पाठ फिरवली. तरी वर्ष संपण्यापूर्वी नौसैनिक आणि जहाजे युक्रेनला परत मिळाली. २०२१ साली मॉरिशस आणि मालदीव यांच्या सागरी सीमावादात न्यायाधिकरणाच्या विशेष न्यायपीठाने चागोस बेटांवरील मॉरिशसचा हक्क मान्य धरून मालदीवचे आक्षेप फेटाळले. त्या बेटांपैकी दिएगो गार्सियावर ब्रिटन-अमेरिकेचा लष्करी तळ असूनही हा निर्णय झाला.

२१ मे २०२४ रोजी, छोट्या बेटराष्ट्रांच्या विनंतीवरून, हरितगृह वायूंचे उत्सर्जन हे समुद्राचे प्रदूषणच असल्याचे मत न्यायाधिकरणाने एकमताने दिले. राव यांच्यानंतर न्यायासनावर आलेल्या नीरू चढ्ढा यांनी भारताचा वाटा पुढे चालवला आहे. राजदूत, कायदेपंडित, न्यायाधीश आणि अनुवादक अशा अनेकांच्या श्रमांवर ही संस्था उभी आहे. आरमार नसलेल्या देशालाही महासत्तेविरुद्ध दाद मागता येते, हीच तिची कमाई आहे.